इंजिनियरिंगचीं चार वर्षें आणि फुलसावंगीची एक रात्र

बारावीचे निकाल लागून सी.ई.टी.चे आंकडे हातीं आले, कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक ठराविक चर्चा सुरू होते. आजोबा आरामखुर्चींतून विचारतात, "कोणतें कॉलेज मिळेल?" वडील गेल्या वर्षींच्या प्रवेशाच्या याद्या चाळतात, पुण्यास असलेले काका फोनवरून "कॉम्प्युटरच घ्या" असा सल्ला देतात, आणि आई एवढेंच विचारते, कीं वसतिगृहांतील जेवण कसें आहे. ही चर्चा आठ-पंधरा दिवस चालते व तींत सर्व कांहीं येतें. फक्त एक प्रश्न येत नाहीं. या चार वर्षांत मुलगा किंवा मुलगी शिकणार तरी काय? पदवी, नोकरी व पगार हीं फळें झालीं. झाड कोणतें, हें कोणी पाहत नाहीं. आज तोच प्रश्न वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. आणि तो मांडण्यासाठीं एखाद्या नामांकित कॉलेजाच्या दारांत न थांबतां आम्ही प्रथम यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगी या गांवाकडे वळणार आहों.

फुलसावंगी हें महागांव तालुक्यांतील गांव. जिल्हा कापसाचा, शेती हाच बहुतेकांचा व्यवसाय. २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत या गांवाचें नांव देशभरच्या वृत्तपत्रांत आलें, तें मात्र दुःखद कारणानें. येथील एक चोवीस वर्षांचा तरुण वेल्डिंगचें काम करीत असे. शाळा आठवीनंतर सुटली होती. परंतु पत्रा आणि लोखंड त्याच्या हाताला वश होतें. कूलर, कपाटें असल्या वस्तु बनवितां बनवितां, एक माणूस बसूं शकेल असें हेलिकॉप्टर आपण स्वतः तयार करावें, हें त्यानें मनावर घेतलें. इंटरनेटवरील चित्रफिती हेच त्याचे गुरु. सुमारें दोन वर्षें खपून त्यानें सांगाडा उभा केला, त्यावर मारुति मोटारीचें इंजिन बसविलें, आणि स्वातंत्र्यदिनीं तें यंत्र लोकांना दाखवावयाचें असा बेत केला. त्या दिवसाला थोडेच दिवस उरले असतां, १० ऑगस्टच्या रात्रीं, तो तें चालवून पाहत होता. शेपटीकडील लहान पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि मोठ्या पंख्याचा तडाखा त्या तरुणाच्या डोक्यास बसला. तो वांचला नाहीं.

या घटनेवर दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, "केवढी ही बुद्धि! याला संधि मिळती तर!" कोणी म्हणतो, "शिक्षण नसतां असल्या उद्योगांत पडावेंच कशाला?" पहिल्या मतांत कळकळ आहे, दुसऱ्यांत सावधपणा आहे, परंतु दोन्ही मतें जेथें थांबतात, तेथूनच खरा विचार सुरू होतो. शिक्षण नव्हतें म्हणजे त्या तरुणाजवळ नेमकें काय नव्हतें? कल्पकता होती. हाताचें कसब होतें. दोन वर्षें एकाच कामामागें लागण्याची चिकाटी होती. आणि ती तर पदवीधरांतही दुर्मिळ असते. नव्हती ती एकच गोष्ट: आपण बनविलेल्या वस्तूवर, माणूस तिच्याजवळ जाण्यापूर्वीं, पद्धतशीर अविश्वास दाखविण्याची विद्या, आणि तो अविश्वास दाखविण्याजोगी जागा. आमच्या मतें इंजिनियरिंगच्या चार वर्षांचें सार हेंच आहे. बाकीचें सर्व त्याच्या भोंवतालचें आहे.

ही विद्या महाराष्ट्रांत शाळेच्या रूपानें येऊन पावणेदोनशें वर्षें होत आलीं. पुण्यांत १८५४ सालीं सार्वजनिक बांधकाम खात्यासाठीं हाताखालचे अधिकारी तयार करावे या हेतूनें एक इंजिनियरिंगचा वर्ग उघडण्यांत आला. त्यांतूनच पुढें पुण्याचें सुप्रसिद्ध इंजिनियरिंग कॉलेज झालें, आणि २०२२ सालीं त्यास स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच १८८३ सालीं उत्तीर्ण झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ सालीं त्यांनीं योजलेले स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीच्या वर गेलें, कीं ते आपोआप उघडत. त्यामुळें धरणाची भिंत न वाढवितां जास्त पाणी सांठवितां येई. ज्या धरणाखालीं पुण्यासारखें शहर वसलेलें आहे, त्याच्या दरवाजांत "बहुधा चालेल" असें म्हणून भागत नाहीं. "बहुधा" हा शब्द पुसून टाकण्यासाठींच शास्त्राची सर्व खटपट असते.

आतां आपला विद्यार्थी या कॉलेजांत प्रत्यक्ष काय करतो, तें पाहूं. पहिल्या वर्षीं त्याच्या हातीं दोन वस्तु येतात: ड्रॉइंगची शीट आणि कानस. ड्रॉइंगच्या तासाला त्याला एकच वस्तु समोरून, वरून व बाजूनें कशी दिसेल, तें काढावें लागतें. वस्तु समोर नसते. ती मनांत फिरवावी लागते. वर्कशॉपमध्यें त्याला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा मिळतो. त्याला मुलें "जॉब" म्हणतात. तो व्हाइसमध्यें पकडून कानशीनें घांसावयाचा, गुण्या लावून पाहावयाचा, आणि कडेखालून उजेड दिसला, कीं पुन्हां घांसावयाचा. घरीं पाण्याचा तांब्यासुद्धां न उचललेल्या मुलाच्या तळहाताला येथें पहिल्यांदा फोड येतात. पुष्कळ आयांना याचें वाईट वाटतें. आम्ही म्हणतों, त्या फोडांचा आनंद मानावा. कारण लोखंड आपलें ऐकत नाहीं, आपल्यालाच त्याचें ऐकावें लागतें, हा धडा पुस्तकांत मिळत नाहीं. फुलसावंगीच्या त्या तरुणाला हा धडा लहानपणींच पाठ झाला होता. या वर्गांत तो बसता, तर पहिल्या दिवशीं सर्वांच्या पुढें असता.

दुसऱ्या वर्षीं गोष्ट पालटते. चाचणीशाळेंत एक उंच यंत्र असतें. त्याच्या दोन जबड्यांत साध्या पोलादाची सळई पकडून ती ओढीत नेतात. प्रथम ताण वाढेल त्या मानानें सळई लांबते व ताण काढला, कीं पूर्ववत् होते. पुढें एक क्षण असा येतो, कीं ताण न वाढवितांही सळई आपण होऊन लांबूं लागते. मग मधोमध तिची मान बारीक होते, आणि मोठा आवाज होऊन दोन तुकडे होतात. त्या आवाजानें विद्यार्थी दचकतो. वर्षानुवर्षें घराच्या छपरांत, पुलांत, गाडींत ज्या लोखंडावर आपण डोळे मिटून विसंबलों, त्याचीही एक हद्द आहे, आणि ती आंकड्यांत सांगतां येते, हें त्याला त्या क्षणीं समजतें. त्यानंतर "सुरक्षिततेचा गुणक" हे शब्द त्याला पोकळ वाटत नाहींत. सळई चार टन सोसते असें कसोटीनें ठरलें, तर तिच्यावर एकच टन भार टाकावयाचा. उरलेले तीन टन आपल्या अज्ञानासाठीं राखून ठेवावयाचे. अज्ञानासाठीं अंदाजपत्रकांत रक्कम बाजूस काढणारें असें दुसरें शास्त्र आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

याहून सूक्ष्म धडा पुढें असतो. एकदां भार सोसलेली वस्तु तोच भार लाखों वेळां सोसेलच असें नाहीं. १८४२ सालीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. चांगले दिसणारे आंस असे एकाएकीं कां मोडतात, याचा छडा जर्मनींतील रेल्वेचे इंजिनियर ऑगस्ट व्होलर यांनीं पुढें १८६० च्या सुमारास वर्षानुवर्षें प्रयोग करून लावला. फिरणाऱ्या आंसाला प्रत्येक फेऱ्यांत एकदां इकडे व एकदां तिकडे वांकावें लागतें. तार पुन्हां पुन्हां वांकविली, कीं तुटते, तसें लोखंडही थकतें. मिनिटाला दोन हजार फेरे घेणारा पंखा एका तासांत एक लाख वीस हजार फेरे घेतो. शिवाय गति दुप्पट झाली, कीं पातें मुळापासून बाहेर ओढणारें बल चौपट होतें. सांध्याजवळची केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाहीं, पण फेऱ्यागणिक ती वाढत असते. म्हणूनच फिरणाऱ्या यंत्राची कसोटी हा विद्यार्थ्याच्या अभ्यासांतील एक स्वतंत्र व फार गंभीर भाग आहे.

हेलिकॉप्टरच्या बाबतींत तर हें अधिकच खरें. मोठा पंखा ज्या दिशेनें फिरतो, तिच्या उलट सगळें यंत्र फिरूं पाहतें. त्याला आवरून धरणें हें शेपटीकडील लहान पंख्याचें काम. म्हणजे दिसण्यांत लहान, पण त्याच्यावांचून मोठ्याचें चालत नाहीं. या यंत्राचे एक आद्य शिल्पकार ईगोर सिकॉर्स्की हे तेव्हांच्या रशियन साम्राज्यांतील कीव्ह येथील पॉलिटेक्निकचे विद्यार्थी. त्यांनीं १९०९ सालीं पहिलें हेलिकॉप्टर बनविलें, तें जमिनीवरून उठलेंच नाहीं. दुसऱ्यानें स्वतःचें वजन कसेंबसें उचललें, पण माणसाचें उचलेना. तेव्हां त्यांनीं तो नाद बाजूस ठेवला. पुढें तीस वर्षें विमानें बांधण्यांत घालविल्यावर, अमेरिकेंत १४ सप्टेंबर १९३९ रोजीं त्यांनीं नवें यंत्र चालविलें, तें दोरखंडांनीं जमिनीशीं जखडून! मोकळें उड्डाण त्यानंतर आठ महिन्यांनीं, मे १९४० मध्यें झालें. जगांतील सर्वांत जाणता माणूसही आपल्या यंत्रावर एकदम विश्वास टाकीत नाहीं. आजही नव्या पंख्याची पहिली कसोटी घेतांना माणूस दूर, भिंतीआड असतो, आणि पंखा एकटा फिरतो. ही कांहीं भित्रेपणाची रीत नव्हे. ही विद्येची रीत आहे.

एवढें वाचून, "मग आमचीं मुलें तर सुरक्षित हातीं आहेत," असें कोणी म्हणेल. येथें आम्हांस थोडें कडू बोलावें लागत आहे. विद्यार्थ्यांत "जी.टी." नांवाचा एक प्रकार रूढ आहे. काचेखालीं दिवा लावावयाचा, काचेवर मित्राची पुरी झालेली शीट ठेवावयाची, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि खालच्या रेघा गिरवीत जावयाचें. संगणकावर रेखाटन सुरू झाल्यावर काच गेली, पण वृत्ति राहिली; आतां फाइलच एकाची दुसऱ्याकडे जाते. चाचणीशाळेंतही तोच प्रकार. सळई एकाच्या हातून तुटते, दहाजण आंकडे उतरून घेतात. कधीं कधीं तर आंकडे गेल्या वर्षींच्या जर्नलांतले असतात. सबमिशनची घाई, तोंडी परीक्षेची भीति, आणि शिक्षकांवरील गर्दीचा भार, हीं त्याचीं कारणें आहेतच. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांत एका यंत्राभोंवतीं पुष्कळ मुलें उभीं राहतात; मागच्याला सळई दिसतही नाहीं. परंतु परिणाम काय होतो, तो पाहा. एकाजवळ हात होते, कसोटीची जागा नव्हती. दुसऱ्याजवळ कसोटीची जागा आहे, आणि तो तिच्याकडे पाठ करून बसला आहे. पहिल्याच्या चुकीनें त्याचा स्वतःचा जीव गेला. दुसऱ्याची चूक पुढें पुलावर, जिन्यावर किंवा लिफ्टमध्यें दुसऱ्याच कोणाचा तरी जीव घेईल. यांत अधिक दोष कोणाचा, हें वाचकांनींच ठरवावें.

'थ्री इडियट्स' या २००९ सालच्या चित्रपटानें फुलसावंगीच्या तरुणाला स्फूर्ति दिली होती, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें होतें. त्या चित्रपटांत घोकंपट्टीची थट्टा आहे, आणि ती रास्त आहे. मात्र घरोघरीं त्याचा अर्थ "पदवींत कांहीं नाहीं" असा घेतला जातो, तो आम्हांस मान्य नाहीं. घोकणें वेगळें आणि तपासणें वेगळें. पहिलें टाकून देण्याच्या भरांत दुसरेंही टाकून दिलें, तर हातीं केवळ धाडस उरतें.

कॉलेजांतील आणखी एका दुःखाचा उल्लेख केल्यावांचून हें चित्र पुरें होणार नाहीं. खेड्यांतून, मराठी शाळेंतून आलेला मुलगा पहिल्या महिन्यांत एकाएकीं मुका होतो. तुळई कशी वांकते, तें त्यानें गोठ्याच्या आढ्याकडे पाहून कधींच जाणलेलें असतें. पण तीच गोष्ट फळ्यावर "बेंडिंग मोमेंट" या नांवानें आली, कीं आपल्याला कांहींच येत नाहीं असें त्याला वाटूं लागतें. गणिताचा पहिला पेपर राहतो, "ए.टी.के.टी." हा शब्द घरीं कळूं नये म्हणून तो सुटींत घरीं येण्याचेंही टाळतो. शासनानें या बाबतींत एक पाऊल टाकलें आहे. २०२१-२२ या वर्षापासून भारतीय भाषांतून इंजिनियरिंग शिकविण्यास परवानगी मिळाली, आणि पिंपरी-चिंचवड येथील इंजिनियरिंग कॉलेजांत मराठींतून संगणकशास्त्राचा वर्ग निघाला. त्याचें आम्ही स्वागत करतों. तथापि घरच्या माणसांनीं करण्याजोगें काम याहून सोपें आहे: एखादा विषय राहिला, तर त्याला घराण्याची बेअब्रू मानूं नये. एकत्र कुटुंबांत यश दहाजणांत वांटलें जातें, तसें अपयशही वांटून घेतां आलें पाहिजे. नाहीं तर दहा तोंडांनीं विचारलेला "काय लागला निकाल?" हा एकच प्रश्न त्या मुलाला दहा पट जड होतो.

मुलींविषयींही दोन शब्द. "यंत्रशास्त्र मुलीला कशाला? तेलांत हात काळे होतात," असें म्हणणारे वडीलधारे अजून आहेत. पुण्याच्या कॉलेजांतून १९६७ सालीं यंत्रशास्त्राचीच पदवी घेतलेल्या लीला पूनावाला पुढें अल्फा लाव्हल कंपनीच्या भारतांतील कारभाराच्या प्रमुख झाल्या. काळे झालेले हात साबणानें धुतां येतात. चुकीची निवड धुतां येत नाहीं.

आतां पुन्हां यवतमाळ जिल्ह्याकडे पाहूं. त्या तरुणाला वाट नव्हतीच असें नाहीं. फुलसावंगीच्या बाजूचें मोठें गांव म्हणजे पुसद. तेथें १९८३ पासून इंजिनियरिंग कॉलेज आहे. त्याच सालीं अमरावती विद्यापीठही स्थापन झालें. आय.टी.आय.मध्यें वेल्डरच्या शिक्षणास आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. दहावीनंतर आय.टी.आय.चीं दोन वर्षें झालेल्यास डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षांत, आणि डिप्लोमा झालेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षांत थेट जातां येतें. म्हणजे वेल्डिंगच्या दुकानापासून विद्यापीठापर्यंत शिडी आहे. मात्र तिचा पहिला दांडा कोठें आहे, हें ज्याला गरज आहे त्याला कोणी सांगत नाहीं. आणि ज्याला दोन वेळची मिळकत रोज दुकानांतूनच काढावयाची, त्याला ती शिडी चढण्यास सवड नसते.

म्हणून आमची एक सूचना आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या इंजिनियरिंग कॉलेजांनीं आपली चाचणीशाळा आठवड्यांतून एक दिवस गांवच्या कारागिरांस मोकळी ठेवावी. कोणी ट्रॉलीचा सांधा आणील, कोणी मळणीयंत्राचा आंस आणील, कोणी एखादा चमत्कारिक पंखाही घेऊन येईल. विद्यार्थ्यानें तो तपासावा, कारागिरानें पाहावें, आणि दोघांनीं मिळून तो मोडावा. यांत कारागिराला कसोटी मिळेल, आणि विद्यार्थ्याला, ज्याच्या जिवाशीं गांठ आहे असा खरा "जॉब" मिळेल. गेल्या वर्षींच्या जर्नलांतून आंकडे उतरवून घेण्याचा मोह अशा वेळीं कोणाला होणार नाहीं. कारण समोर तो पंखा लावणारा माणूस उभा असेल.

आमच्या वाचकांच्या हातीं कॉलेजें नाहींत, पण घरें आहेत. तेव्हां या दिवाळीच्या सुटींत आपला इंजिनियरिंगचा विद्यार्थी घरीं आला, कीं पॅकेज किती मिळेल हें थोडें मागाहून विचारावें. आधीं विचारावें, "या सहामाहींत तूं स्वतःच्या हातानें काय बनविलेंस? आणि तें मोडून पाहिलेंस का?" उत्तर देतांना तो अडखळला, तर रागावूं नये. पुढच्या खेपेस तो हात काळे करून येईल, आणि आपण काय मोडलें तें सांगतांना त्याचे डोळे चमकतील. त्या दिवशीं आपल्या घरांत एक इंजिनियर तयार होऊं लागला, असें खुशाल समजावें. पदवीचा कागद मागाहून येईलच.